कमंडलूचें झाड आणि कडू भोपळा

बागेंत कमंडलूचें झाड ज्यानें पाहिलें असेल, त्यास त्याच्या फळाचें नवल वाटल्यावांचून राहिलें नसेल. हीं जड, वाटोळीं फळें शेंड्यास न येतां थेट खोडास व जाड फांद्यांस लटकतात. झाड मूळचें मध्य अमेरिकेकडचें. गर काढून वाळविलेल्या कवचाचे तिकडे कटोरे, पळ्या आणि खुळखुळे होतात.

महाराष्ट्रांत हें काम भोपळ्याच्या वेलानें केलें. दोहोंचें कूळ निराळें. परंतु वाळल्यावर लांकडासारखें टणक होणारें कवच दोहोंसही लाभलें आहे.

शिरूर घोड नदीच्या कांठीं, दौंड भीमेच्या. आणि घोड अखेर भीमेसच मिळते. पूल नव्हते तेव्हां अशा नद्या उतरावयास सांगड लागे. वाळके भोपळे एकत्र बांधले कीं सांगड झाली. दोन गोष्टी जुळविण्यास मराठी माणूस अजून 'सांगड घालणें' असेंच म्हणतो. विहिरींत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीसही भोपळाच बांधीत. आतां त्या जागीं प्लास्टिकचा डबा आला आहे.

पाण्यावर तारणारा हा भोपळा सुरांसही आधार देतो. आषाढवारींत तुकोबांची पालखी दौंड तालुक्यांतील यवत व वरवंड येथें मुक्काम करते, तेव्हां दिंडीदिंडींतून विणेकऱ्याच्या हातीं वीणा असते. भीमा पुढें पंढरपुराकडे जाते. त्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागांत तंबोऱ्याचे मोठे भोपळे पिकतात. मिरजेचे कारागीर ते भिजवून, आंतून कोरून, त्यांस लांकडी दांडी जोडतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्यांत या वेलाचाही वांटा आहे.

मात्र एक सावधगिरी अवश्य बाळगावी. भाजीचा दुध्या याच जातीचा. परंतु कधीं कधीं तोही कडू निघतो. हा कडूपणा कुकुर्बिटासिन नांवाच्या विषारी द्रव्यांचा होय. अशा दुध्याचा रस प्याल्यानें ओकाऱ्या व रक्तस्राव होऊन माणसें दगावलीं आहेत. शिजविल्यानें हें विष जात नाहीं, आणि मीठ-साखरेनें कडूपणा तेवढा झांकला जातो. म्हणून चिरतांना लहानसा तुकडा जिभेस लावून पाहावा; कडू लागल्यास सबंध फळ टाकून द्यावें.

कडू भोपळा पोटांत गेला तर घात करतो आणि पाठीस बांधला तर तारतो. त्याची जागा ओळखणें, एवढेंच माणसाच्या हातीं आहे.