फांशीची शिक्षा आणि अपिलाची वाट
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या आनंदसोहळ्यांत फांशीसारखा विषय कशाला, असें आपणांपैकीं कित्येकांस वाटलें असेल. परंतु ज्युबिली हा शब्द ज्या यहुदी लोकांकडून आपणांकडे आला, त्यांच्या धर्मशास्त्रांत पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकून दासांस मोकळें करावें व विकलेली जमीन मूळ धन्यास परत द्यावी अशी आज्ञा होती. सुटका हा त्या शब्दाचा पाया. रोषणाई आणि मेजवानी मागाहून आल्या. सन २०२५ च्या पवित्र वर्षाची घोषणा करतांना पोप फ्रान्सिस यांनीं देहान्तशिक्षा जगांतून जावी अशी मागणी केली, तिचें मूळ येथें आहे.

शिवाय हा विषय वरळीला परका नाहीं. १२ मार्च १९९३, शुक्रवार. उपवासकाळ चालू होता आणि संध्याकाळीं देवळोदेवळीं क्रूसाची वाट व्हावयाची होती. त्या दुपारीं शहरांत एकामागून एक स्फोट झाले आणि २५७ माणसें प्राणांस मुकलीं. त्यांपैकीं ११३ एकट्या सेंच्युरी बाजारापाशीं, आपल्या नित्याच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर. आम्ही तेव्हां सेमिनरींत शिकत होतों. त्या संध्याकाळीं क्रूसाच्या वाटेचें पहिलें स्थान, जेथें प्रभूस मरणाची शिक्षा सुनावली जाते, तें म्हणतांना आमचें मन शिक्षा झालेल्यापाशीं नव्हतें, मेलेल्यांपाशीं होतें. आणि तें स्वाभाविकच होतें.

खटला आर्थर रोडच्या तुरुंगांतील खास न्यायालयांत चालला. निकाल लागावयास २००६ व २००७ हीं सालें उजाडलीं. टाडा कायद्याखालचा खटला म्हणून त्याचें अपील उच्च न्यायालयांत न जातां थेट सर्वोच्च न्यायालयांत गेलें. साध्या खुनाच्या आरोपीस जी एक पायरी अधिक मिळते, ती येथें नव्हती. २१ मार्च २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें याकूब मेमन याची फांशी कायम केली व इतर दहा जणांची जन्मठेपेंत बदलली. कट रचणारे ते धनुर्धारी आणि हे दहा जण त्यांचे बाण, असा भेद न्यायालयानें केला. त्या दहांत आपल्या सेंच्युरी बाजारापाशीं स्फोटकांची गाडी आणून ठेवणाराही होता. तो २०१९ मध्यें शिक्षा भोगीत असतांनाच नागपुरास वारला. मेमन यास ३० जुलै २०१५ रोजीं सकाळीं नागपूरच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आली. त्याच पहाटें तीन वाजल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे तीन न्यायाधीश त्याचा शेवटचा अर्ज ऐकावयास बसले होते.

त्या सकाळीं ज्यांना समाधान वाटलें त्यांना आम्ही दोष देणार नाहीं. बावीस वर्षें वाट पाहिलेल्यांना क्षमेचा उपदेश करणें फार सोपें असतें, विशेषतः ज्याच्या घरचें कोणी गेलें नाहीं अशा धर्मगुरूला. आम्हांस आज बोलावयाचें आहे तें न्यायालयांच्या हातून होणाऱ्या चुकीविषयीं.

चाळीच्या गॅलरींत आणि लग्नाच्या पंगतींत एक तक्रार नेहमीं ऐकूं येते. इतकीं अपिलें हवींत कशाला? अशांना सरकारी खर्चानें पोसावें किती वर्षें? तक्रार करणारा दुष्ट नसतो, दमलेला असतो. त्याला आम्ही नाशिकची हकीकत सांगूं इच्छितों.

जून २००३ मध्यें नाशिकजवळ शेतांतील एका झोंपडीवर रात्रीं दरोडा पडला. पांच जणांचे खून झाले, स्त्रियांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीचे सहा गरीब मजूर पकडले गेले. २००६ मध्यें सत्र न्यायालयानें सहाही जणांस फांशी सुनावली. २००७ मध्यें उच्च न्यायालयानें तिघांची फांशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या तिघांनाही पुन्हां फांशी दिली. म्हणजे अपिलानें चूक निस्तरली नाहीं, उलट वाढविली! पुढें २०१४ मध्यें असा नियम झाला कीं, फांशीच्या प्रकरणीं फेरविचाराचा अर्ज उघड्या न्यायासनापुढें ऐकला जावा. त्या फटींतून हें प्रकरण पुन्हां आंत आलें. तेव्हां दिसलें कीं, वांचलेल्या बाईनें घटनेनंतर दोनच दिवसांनीं पोलिसांच्या छायाचित्रांतून निराळेच चार गुन्हेगार ओळखले होते, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. ५ मार्च २०१९ रोजीं सहाही जण निर्दोष सुटले. त्यांपैकीं एक जण गुन्ह्याच्या वेळीं अज्ञान मुलगा होता. सोळा वर्षांबद्दल प्रत्येकास पांच लक्ष रुपये देण्याचा हुकूम झाला.

आमच्या त्या तक्रारखोर मित्राच्या मनासारखें झालें असतें, तर हे सहा जण २००९ नंतर लवकरच पुरले गेले असते, आणि पांच लक्ष रुपये घ्यावयास कोणी उरलें नसतें. खरे गुन्हेगार तर मोकळेच राहिले. त्या झोंपडींतल्या मृतांनाही न्याय मिळाला नाहीं, हें आपण विसरूं नये.

याहून जवळचें उदाहरण ११ जुलै २००६ चें. माटुंगा, माहीम, वांद्रे या आपल्या शेजारच्या स्थानकांवरील गाड्यांत त्या संध्याकाळीं बाँब फुटले. २०१५ मध्यें पांच जणांस फांशी सुनावली गेली. २१ जुलै २०२५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें सर्व बारा आरोपींस निर्दोष ठरविलें; फांशीच्या पांचांपैकीं एक जण तोंवर तुरुंगांतच वारला होता. शासन त्यावर सर्वोच्च न्यायालयांत गेलें. शेवटचा शब्द कोणताही असो, एकाच पुराव्याकडे पाहून एक न्यायालय पांच दोर मागतें आणि दुसरें न्यायालय दारें उघडतें, एवढें तरी आपणांस दिसलें.

आपल्या ख्रिस्तसभेनें या बाबतींत नेहमीं असेंच सांगितलें, असा दावा आम्ही करणार नाहीं. संत थॉमस अक्विनास यांनीं देहान्तशिक्षा न्याय्य मानली. पोपांच्या राज्यांत पगारी जल्लाद होता. व्हॅटिकननें ही शिक्षा आपल्या कायद्यांतून काढली ती १९६९ मध्यें, आणि धर्मशिक्षणग्रंथांत ती मुळींच मान्य नाहीं असें स्पष्ट लिहिलें गेलें तें २०१८ मध्यें. शिकावयास आपणांस फार काळ लागला. आणि हें सर्व ज्याच्या नांवानें चाललें, तो स्वतः फांशीचा कैदी! त्याला रात्रीं धरलें, सकाळीं शिक्षा झाली, दिवस मावळण्यापूर्वीं सर्व उरकलें. अपील नव्हतें. दयेचा अधिकार मात्र राज्यपालाच्या हातीं होता. पण तो त्यानें बाहेर जमलेल्या गर्दीला विचारून वापरला, आणि बरब्बा सुटला. आपल्या राज्यघटनेनें राष्ट्रपति व राज्यपाल यांच्या हातीं तोच अधिकार दिला आहे. त्यांच्या दाराशीं आज गर्दी उभी नसते. वर्तमानपत्रें आणि दूरचित्रवाणी असते.

आतां एक विनंति. दर वर्षीं १२ मार्चला स्फोटांतील मृतांसाठीं मिस्सा अर्पण करावी अशी आमची इच्छा आहे. त्या मिस्सेंत, मृतांचीं नांवें वाचून झाल्यावर, फांशी गेलेल्यासाठीं व फांशीच्या कोठड्यांतून बसलेल्यांसाठीं एक प्रार्थना जोडावी काय, हें आम्ही आपणांस विचारीत आहों. उत्तर आजच हवें असें नाहीं. ज्यांच्या घरचें माणूस त्या शुक्रवारीं गेलें, त्यांनीं आधीं बोलावें. आणि त्यांनीं नको म्हटलें, तर ती प्रार्थना त्या दिवशीं देवळांत होणार नाहीं. आम्ही ती आमच्या खोलींत करूं.