पाणथळीवरची हजेरी



जानेवारीचा दुसरा आठवडा जवळ आला की आमच्या घरी सगळ्यांना कळते, आता हे गृहस्थ दोन-तीन दिवस चिखलात जाणार. कपाटावरची दुर्बीण खाली येते, गुडघ्यापर्यंतचे बूट पायरीवर वाळत पडतात, आणि महाविद्यालयातली दहा-बारा मुले-मुली "सर, किती वाजता निघायचं?" म्हणून विचारू लागतात. पहाटे तीनला, असे सांगितले की त्यांतली दोघे-तिघे गळतात. उरलेल्यांना घेऊन आम्ही पाणपक्षी मोजायला जातो.

"पाखरं मोजून काय करता, सर? विकायची आहेत का?" असे मला भिगवणजवळच्या एका चहावाल्याने पहिल्याच वर्षी विचारले होते. प्रश्न रास्त आहे, तेव्हा त्याचे उत्तर आधी देतो. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणातल्या रामसर गावी पाणथळ जागांविषयी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. पाणथळ म्हणजे नुसती दलदल नव्हे. तळे, नदी, खाडी, धरणाचा फुगवटा, इतकेच काय, पावसाळ्यापुरते साचणारे पाणीही तीत येते. एखादी जागा जागतिक महत्त्वाची ठरवायची ज्या कसोट्या आहेत, त्यांतली एक अशी, की तिथे नियमितपणे वीस हजार किंवा अधिक पाणपक्षी असावेत. दुसरी अशी, की एखाद्या जातीच्या एकूण पक्ष्यांपैकी शेकडा एक तरी तिथे नियमितपणे असावेत. आता यातला 'नियमितपणे' हा शब्द पाहा. एखादा हौशी माणूस एकदा पाहून आला, एवढ्याने भागत नाही. दरवर्षी, त्याच सुमारास, कोणीतरी जाऊन मोजून ठेवले पाहिजे. निफाड तालुक्यातले नांदूरमध्यमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा म्हणून जाहीर झाले. अशा जाहीर होण्याआधी कुणीतरी पहाटे उठून चिखल तुडवलेला असतो.

आपल्याकडे ही आशियाई पाणपक्षीगणना १९८७ सालापासून होते, आणि ती जानेवारीत होते. का? तर हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले पक्षी तोवर स्थिरावलेले असतात. त्यांची ये-जा चालू असताना मोजले, तर आज इथे मोजलेला थवा उद्या पुढच्या तळ्यावर पुन्हा मोजला जायचा!

आमची सुरुवात घरच्या नदीपासून होते. आमच्या तळवड्याच्या शिवेवरून इंद्रायणी वाहते. एका अंगाला देहू, पुढे आळंदी, आणि मधे कारखाने व वस्ती. हीच इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, आणि भीमा पुढे उजनीच्या धरणात जाते. म्हणजे आमच्या मोऱ्यांचे पाणी आणि उजनीचे रोहित पक्षी यांचे नाते आहे. ते सोयरिकीचे नसले तरी शेजाराचे नक्कीच आहे. तळवड्याच्या काठावर शेकाट्या पुष्कळ दिसतो. लाल काड्यांसारखे पाय, काळे पंख, अंग पांढरे. मुले खूश होतात, "सर, केवढे पक्षी!" त्यांना सांगावे लागते, की बाबांनो, थांबा. सांडपाण्याच्या गाळात किडे-अळ्या वाढतात, आणि त्या खायला शेकाट्या जमतो. उथळ घाण पाण्यावर तो वाढला आणि मासे धरणारा नदीसुरय कमी झाला, तर ती आनंदाची बातमी नव्हे. आळंदीचे फेसाळलेले पाणी आपण पाहिले आहेच. पक्षी किती, याच्या इतकेच कोणते, हे महत्त्वाचे असते.

नदी आटोपली की दुसऱ्या दिवशी उजनी. हे धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या फुगवट्याला यशवंतसागर म्हणतात, आणि तो माढा, करमाळा, इंदापूर, दौंड अशा तालुक्यांत पसरलेला आहे. भिगवण, कुंभारगाव इथे आता शहरातले पाहुणे गाड्या घेऊन येतात. आमचे ठिकाण तिथून लांब, आडवाटेला आहे. डांबरी रस्ता संपल्यावर उसातून बैलगाडीच्या वाटेने दोन-तीन मैल चालायचे, मग गाळपेरीची जमीन लागते. पाणी ओसरेल तसतशी लोक ती पेरत जातात. तिच्या पलीकडे पाणी.

मोजायची रीत साधी आहे. सूर्य पाठीशी घ्यायचा. दोघांची जोडी करायची. एकाने पाहायचे, दुसऱ्याने लिहायचे. थवा मोठा असेल तर दहा पक्षी नीट मोजून तेवढा तुकडा डोळ्यांत धरायचा, आणि असे तुकडे किती बसतात ते डावीकडून उजवीकडे पाहत जायचे. जात ओळखता आली नाही तर 'बदक, जात कळली नाही' असे लिहायचे. यात लाज कसली? पण विद्यार्थ्यांना 'कळले नाही' असे लिहायची लाज वाटते. ती आम्हीच शाळा-महाविद्यालयांतून लावलेली आहे, हे शिक्षक बंधुभगिनींनी मान्य करावे.

तुकडीचा प्रमुख म्हणून मला खरा धडा मिळाला तो काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीत. आदल्या रात्री जेवताना मी उत्साहात बोलून गेलो, "यंदा मागच्या वर्षीचा आकडा मागे टाकायचा बरं का!" बोललो आणि विसरलो. सकाळी दाट धुके. चार जोड्या चार ठिकाणी पाठवल्या, दहाला सगळे परत आले. एका जोडीचा तक्ता फार सुबक होता. रोहित २५०, चक्रवाक ६०, थापट्या ४००. अक्षर मोत्यासारखे, कागदाला चिखलाचा एक डाग नाही!

त्या काठावर जाळी सुकवणारे एक म्हातारे मच्छीमार होते. त्यांना मी सहज विचारले, "मामा, यंदा रोहित चांगले आलेले दिसतात?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "कुठं, मास्तर? धरण अजून भरल्यालं हाय. त्यास्नी हुबं ऱ्हायाला जागा कुठाय?"

एका वाक्यात त्यांनी निकाल लावला. रोहित पक्षी चोच उलटी धरून उथळ पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. त्याला पाय टेकतील एवढेच पाणी लागते. पाऊस चांगला होऊन धरण काठोकाठ भरलेले असले, तर कालव्यांना पाणी सुटून काठ उघडा पडेपर्यंत तो येत नाही. हे मी वर्गात शिकवतो. त्या सकाळी मात्र २५० हा आकडा बघून मीच सुखावलो होतो.

मुलांना बाजूला घेऊन विचारले. धुक्यात काही दिसेना, थंडी मरणाची, म्हणून ती दोघे रस्त्यावरच्या टपरीत बसली आणि गेल्या वर्षीच्या तक्त्यावरून आकडे थोडे वाढवून लिहिले. त्यांतला एक रडायला लागला. म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणालात ना, मागचा आकडा मागे टाकायचा."

काय बोलणार? रागावण्याचा माझा हक्क तिथेच संपला.

मग प्रश्न आला, त्या चौकटीत लिहायचे काय? मुलगा म्हणाला, "शून्य लिहू?" मी म्हटले, नाही. शून्य लिहायला तिथे जाऊन, पाहून, काही नव्हते अशी खात्री करावी लागते. शून्य ही मोजणी आहे. आपण तिथे गेलोच नाही. शाळेत हजेरीच घेतली नाही, तर सगळी मुले गैरहजर असे आपण लिहितो का? तेव्हा तो तक्ता आडवी रेघ मारून रद्द केला, आणि खाली लिहिले, 'मोजणी झाली नाही.' त्या वर्षी आमची एकूण बेरीज फारच कमी भरली. कार्यक्रमाचा अहवाल वाचून एका सहकाऱ्याने "यंदा पक्षी रुसले वाटतं" अशी चेष्टाही केली. उद्या कोणी वीस-तीस वर्षांचे तक्ते समोर मांडून बसला, तर त्याला या दोन गोष्टींतला फरक कळला पाहिजे. खोटा शून्य त्याला फसवील, आणि खोटे २५० तर त्याहून अधिक.

तेव्हापासून मी दोन नियम केले. आदल्या रात्री मागच्या वर्षीचे आकडे कोणाला दाखवायचे नाहीत. आणि सकाळी तुकडी निघण्याआधी गावातल्या कोणा मच्छीमाराशी किंवा गाळपेर करणाऱ्याशी बोलायचे. पाणी कुठवर आहे, गाळ कुठे ओढतो, कुठे पाऊल टाकू नये, हे ज्याला ठाऊक त्याच्या शब्दाबाहेर जायचे नाही.

तिसरा नियम मागाहून आला. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी याच पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा माणसे गेली. जानेवारीत तसा वारा नसतो, हे खरे. तरी आता होडीत बसायचे तर प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, आणि होडीवाला 'नको' म्हणाला तर नको. एका वर्षी त्यापायी एक बेट मोजायचे राहिले. राहिले तर राहिले. तसे लिहून ठेवले.

गेल्या जानेवारीत तळवड्याच्या काठावर पुन्हा धुके होते. पहिल्या वर्षाची एक मुलगी आपल्या जोडीदाराबरोबर नदीकडे तोंड करून तासभर उभी राहिली. परत आल्यावर तिचा तक्ता पाहिला. वर लिहिले होते, '६.५० ते ७.२५ धुके, काही दिसले नाही, मोजले नाही.' त्याखाली, '७.२५ नंतर : शेकाट्या ४३, टिटवी ६, ढोकरी ११, नदीसुरय ०.' कागद ओला होता आणि एका कोपऱ्यावर चिखलाचा अंगठा उठला होता.