‘यूज्ड टू’ म्हणण्याआधी



गेल्या वर्षी आमच्या बचत गटाने पापडाच्या मशीनसाठी बँकेत कर्ज मागितलं. शाखेत नवीन साहेब आले होते, त्यांना मराठी येत नव्हतं. म्हणून आम्ही अर्ज इंग्रजीत लिहिला. त्यात मोठ्या अभिमानाने एक वाक्य घातलं: ‘वी यूज्ड टू रिपे लोन्स ऑन टाइम.’ आम्हाला सांगायचं होतं, आम्ही हप्ते वेळेवर भरतो. साहेबांनी विचारलं, “मग आता का भरत नाही?” आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो! पासबुक आणि पावत्या दाखवल्या, तेव्हा कुठे गैरसमज मिटला.

चूक आमचीच होती. ‘यूज्ड टू’ म्हणजे सवय, एवढंच आमच्या डोक्यात होतं. पण त्याच्यापुढे साधं क्रियापद आलं की ती सवय जुनी होते, आता मोडलेली. ‘वी यूज्ड टू कुक ऑन फायरवुड’ म्हणजे आम्ही लाकडं जाळून स्वयंपाक करायचो. आता गॅस आलाय.

आजची सवय सांगायची तर साधा वर्तमानकाळ पुरतो. ‘वी रिपे ऑन टाइम.’ म्हणजे वेळेवर भरतो. ‘सहसा’ म्हणायचं असेल तर ‘यूज्वली’ घाला: ‘वी यूज्वली मीट ऑन मंडे.’

आता तिसरा प्रकार. एखादी गोष्ट अंगवळणी पडली असेल तर ‘यूज्ड टू’च्या आधी ‘अ‍ॅम’, ‘इज’ किंवा ‘आर’ लावायचं. पुढे नाम घ्या, नाहीतर क्रियापदाला ‘इंग’ जोडा. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू द हीट’, मला उन्हाची सवय आहे. ‘वी आर यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’, आम्हाला लवकर उठायची सवय आहे. इथे ‘गेट अप’ म्हणून चालत नाही.

लक्षात कसं ठेवायचं? वाक्य आधी मनात मराठीत म्हणा. ‘करायचो’ आलं तर नुसतं ‘यूज्ड टू’. ‘करतो’ आलं तर ‘यूज्ड टू’ नकोच. ‘सवय आहे’ आलं तर आधी ‘अ‍ॅम, इज, आर’.

आणि हो, बोलताना त्यातला ‘ड’ फारसा ऐकू येत नाही, ‘यूस्टू’ असंच ऐकू येतं. लिहिताना मात्र तो विसरू नका.

आज घरी मुलांसमोर तिन्ही प्रकारचं एकेक वाक्य म्हणून बघा. चुकलं तर हसू द्या त्यांना. आमचं एक वाक्य आता पक्कं झालंय: ‘वी यूज्ड टू बी अफ्रेड ऑफ इंग्लिश.’ पूर्वी आम्ही इंग्रजीला घाबरायचो!

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.