एकच कान चालू आहे!



आज बोलूया तुमच्या पर्समधल्या, नाहीतर कोटाच्या खिशातल्या एका म्हाताऱ्या सोबत्याबद्दल. वायर काळवंडलीय, एका बाजूची रबरी टोपी कुठल्याशा बसमध्ये पडलीय आणि गेले कित्येक महिने फक्त उजवा कान चालू आहे. तरी हा इयरफोन आपण टाकत नाही. का? तर ‘चालतोय की अजून!’

चालतो म्हणजे कसा? प्लग थोडा फिरवायचा, वायरीला वेढा द्यायचा, त्यावर चिकटपट्टी लावायची, मान जराशी डावीकडे कलती ठेवायची आणि मग अजिबात हलायचं नाही. शेजारच्या सीटवरच्या बाईंना वाटतं, बिचाऱ्याची मान धरलीय!

वायरीच्या आत तांब्याचे अगदी बारीक धागे असतात. खिशात कोंबून, फोनभोवती गुंडाळून ते सारखे दुमडतात आणि बहुतेक वेळा प्लगच्या तोंडाशीच एकेक करून तुटतात. दोन्ही कानांच्या तारा वेगळ्या, म्हणून एक कान आधी जातो. मग अभंगातले टाळ ऐकू येतात आणि पखवाज गायब! बिनतारीवाल्यांनी हसू नये. त्यांची बॅटरी वर्षागणिक थकत जाते आणि ऐन बोलण्यात ‘टुंग’ करून झोपी जाते.

गाण्याचं एक वेळ जाऊ द्या. खरी पंचाईत होते घरच्या फोनची. इथे लंडनमध्ये सकाळी आठला तुम्ही कामावर निघताना फोन लावता, तेव्हा तिकडे हिवाळ्यात दुपारचा दीड, उन्हाळ्यात साडेबारा. आई सांगते, ‘‘डॉक्टरांनी... खर्रर्र... गोळी बदलली.’’ कुणाची गोळी, कशाची, का बदलली, सगळं त्या बंद पडलेल्या डाव्या कानात गडप. आणि तुम्ही म्हणता, ‘‘हो हो, बरं झालं.’’

तिकडची तऱ्हा याहून वेगळी नाही. आईकडे असतो तुमचाच जुना इयरफोन, मागच्या खेपेला ‘असू दे तुला’ म्हणून ठेवून आलेला. ती त्याला नावं ठेवत नाही. ती म्हणते, ‘‘मलाच हल्ली कमी ऐकू येतं रे.’’

यावर आपला एकच उपाय, आवाज वाढवायचा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ठीक. 90 डेसिबलला मात्र हेच प्रमाण 4 तासांवर येतं. म्हणजे मोडक्या इयरफोनपायी धडधाकट कान पणाला!

तेव्हा आज एवढं करा. जाळीत कानातला मळ साचला असेल, तर मऊ, कोरड्या ब्रशने साफ करा. एकच कान चालू असेल, तर फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ सुरू करा. दोन्हीकडचं गाणं त्याच कानात येईल. आणि वायरच तुटली असेल, तर त्याला कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रावर सन्मानाने निरोप द्या.

पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा बॅगेत चॉकलेटांशेजारी एक नवा इयरफोन टाका. आईच्या कानात स्वतः बसवून द्या. कमी ऐकू येतं ते कानाने की वायरीने, हे मग दोघांनाही कळेल. कानच असेल, तर डॉक्टरकडे नेण्यासाठी तुम्ही तिथे असालच.

भेटूया पुढच्या कार्यक्रमात. तोवर दोन्ही कानांनी ऐकत राहा!