वारा नेईल तिकडे

ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला ‘घोस्ट ऑफ योतेई’ हा व्हिडिओ गेम मी नुकताच खेळू लागलो आहे. काळ १६०३ चा. स्थळ जपानच्या उत्तरेचे एझो, म्हणजे आजचे होक्काइदो. सोळा वर्षांपूर्वी आईबापांचा घात करणाऱ्या सहा जणांचा सूड घ्यायला निघालेली आत्सू ही नायिका. वाट दाखवायला बाण नाही. वारा वाहतो, गवत लवते, तिकडे घोडा वळवायचा. न वळवला तरी कोणी रागावत नाही. तिच्या बालपणीच्या ओसाड घरापाशी मात्र एक कळ दाबली, की जुने नांदते घर समोर उभे राहते. तलवारीच्या द्वंद्वात मी पुष्कळदा हरलो. त्याचे काही वाटले नाही. त्या घरातून पाय निघेना, तेव्हा तिचे दुःख मला उमगले.