देवमाणूस नव्हे, गावचा डॉक्टर

(एका खेड्यात दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केलेल्या डॉक्टरांच्या सत्कारसभेतील भाषण)



माझ्या आधीच्या सर्व वक्त्यांनी डॉक्टरसाहेबांना ‘देवमाणूस’ म्हटले. त्यामागील कृतज्ञता खरी आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु हा शब्द ऐकला की मला थोडी धास्ती वाटते. देवापुढे नारळ फोडला की भक्ताचे कर्तव्य संपते. माणसाला एकदा देव ठरविले की त्याच्यासारखा दुसरा तयार करण्याच्या जबाबदारीतून समाज अलगद सुटतो. कारण देव नशिबाने भेटतो. त्याची नेमणूक करावी लागत नाही, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी लागत नाही! उद्या डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्याला कुलूप लागले तर पुढे काय, हा प्रश्न मग कोणी विचारीत नाही. मला तो विचारावयाचा आहे, आणि त्यासाठी दूरदेशीच्या एका खेड्यातील डॉक्टरची हकीकत सांगावयाची आहे.

दक्षिण वेल्समध्ये आवन नदीच्या खोऱ्यात, डोंगरांच्या कुशीत, ग्लिनकोरुग नावाचे एक गाव आहे. वस्ती जेमतेम दोन हजारांची, खाणकामगारांचे गाव. १९६१ साली तेथे ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचा डॉक्टर आला. लंडनमध्ये १९२७ साली जन्मलेला, केंब्रिजमध्ये शिकलेला. वडीलही डॉक्टर, स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने शस्त्रक्रिया करावयास गेलेले. ज्युलियनने लंडनच्या गरीब वस्तीत काही वर्षे व्यवसाय केला होता आणि धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून देणाऱ्या रिचर्ड डॉल यांच्या हाताखाली संशोधनाचे धडे घेतले होते. शहरात नाव कमावण्याची वाट त्याला मोकळी होती. तो या गावात आला आणि पाव शतकाहून अधिक काळ तेथेच राहिला.

एवढ्यावर थांबलो तर तीही एका देवमाणसाचीच कथा होईल. परंतु हार्ट यांचे वैशिष्ट्य त्यागात नव्हते, मोजणीत होते.

ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तिच्या व्यवस्थेत प्रत्येक नागरिक एखाद्या डॉक्टरच्या यादीत असतो आणि त्या डॉक्टरला दाखविताना खिशात हात घालावा लागत नाही. बहुतेक डॉक्टरांना ही यादी म्हणजे मेहनतान्याचा हिशेब वाटे. हार्ट यांना तिच्यात दुसरेच काही दिसले. दवाखान्यात जो येतो त्याच्यावर उपचार करणे हे तर कामच आहे. परंतु यादीत नाव असून जो येत नाही त्याचे काय? खोकला झालेला येतो, हात मोडलेला येतो. ज्याचा रक्तदाब वाढलेला आहे त्याला मात्र बहुधा काहीच जाणवत नाही. तो कामावर जातो, संध्याकाळी मित्रांत बसतो, आणि एके दिवशी पक्षाघाताने कोसळतो.

म्हणून १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हार्ट यांनी गावातील २० ते ६४ वयाच्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजण्याचे ठरविले. कोणी सर्दीसाठी आला तरी त्याच्या दंडाला पट्टा बांधावयाचा. जे उरले त्यांना निरोप पाठवावयाचा. तरीही न आलेल्यांच्या दारी जावयाचे. आपल्या संपूर्ण यादीचा रक्तदाब मोजणारा पहिला डॉक्टर म्हणून त्यांचे नाव आज घेतले जाते. या कामात त्यांच्या पत्नी मेरी, परिचारिका आणि गावकरी सहभागी होते. पुढे आहारातील मिठाच्या अभ्यासासाठी गावकऱ्यांनी चोवीस तासांचे मूत्र बाटल्यांत साठवून देण्याचे कंटाळवाणे कामही केले.

या मोजणीमागील हिशेब आपल्या जुन्या नाण्यांत चटकन समजेल. वाढलेल्या रक्तदाबाचे सगळे रोगी मिळून एक रुपया धरा. डॉक्टरला माहीत असतात त्यांतले निम्मे, म्हणजे आठ आणे. उपचार होतात माहीत असलेल्यांपैकी निम्म्यांवर, म्हणजे चार आणे. आणि रक्तदाब खरोखर आटोक्यात येतो त्यांतल्याही निम्म्यांचा. रुपयातले दोन आणे पदरात पडतात, चौदा आणे वाया जातात. हार्ट यांनी या ‘निम्म्यांच्या नियमा’कडे पुन्हा पुन्हा लक्ष वेधले. औषध नाही म्हणून हे चौदा आणे बुडत नाहीत. माणूस शोधला जात नाही आणि शोधलेला टिकविला जात नाही, म्हणून बुडतात.

टिकविणे म्हणजे काय, हे त्यांच्या एका रुग्णाच्या नोंदीवरून कळते. काम सुटलेला, भरमसाट सिगारेटी ओढणारा, स्थूल, रक्तदाब चढलेला असा तो माणूस. पंचवीस वर्षांत डॉक्टर आणि तो ३१० वेळा भेटले. सगळा वेळ मिळून ४१ तास. म्हणजे दर भेटीला सरासरी आठ मिनिटे! आरंभी दोघे समोरासमोर बसत, डॉक्टर उपदेश करी आणि रुग्ण चुकवी. हळूहळू ते शेजारी शेजारी बसून एकच प्रश्न सोडवू लागले. हार्ट यांना सर्वांत समाधान वाटले ते न घडलेल्या गोष्टींचे: पक्षाघात झाला नाही, हृदयविकाराचा झटका आला नाही, मूत्रपिंडे निकामी झाली नाहीत. न घडलेल्या गोष्टींचा सत्कार कोणी करीत नाही, मित्रहो. तसा सत्कार करावयाचा तर या सभागृहातील निम्मी माणसे उभी करावी लागतील, कारण ती आज येथे बसलेली आहेत हाच डॉक्टरसाहेबांचा खरा ताळेबंद आहे.

गावातील खाण १९७० साली बंद पडली. बेकारी आली, आणि तिच्यावर डॉक्टरजवळ गोळी नसते. तरीही पंचवीस वर्षांच्या कामाचा आढावा घेतला तेव्हा अकाली मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या तशाच एका गावापेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी आढळले. इतक्या लहान गावाच्या आकड्यांवर फार मोठी इमारत उभारू नये, हे खरे. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्या. शेजारच्या गावातही आरोग्यसेवा मोफतच होती. तेव्हा केवळ मोफत असणे पुरेसे नाही. पण ती मोफत नसती, तर ज्याला काहीच होत नाही असा माणूस तीनशे वेळा दवाखान्याची पायरी चढला असता काय?

येथेच हार्ट यांच्या सर्वांत प्रसिद्ध विधानाशी आपण येतो. फेब्रुवारी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी ‘व्यस्त सेवेचा नियम’ मांडला. जेथे चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज अधिक, तेथे ती कमी मिळते. आणि ही सेवा बाजाराच्या हवाली जितकी अधिक केली जाते, तितका हा नियम अधिक कडकपणे लागू होतो. त्याचा पुरावा शोधावयास आपल्याला वेल्सला जावयाचे कारण नाही. तालुक्याच्या बाजारपेठेत डॉक्टरांच्या पाटीला पाटी लागलेली असते, आणि घाटावरच्या वाडीतली बाळंतीण अजूनही वाहनाची वाट पाहते. यात डॉक्टरांचा लोभ शोधणे सोपे आहे. हार्ट तसे करीत नाहीत. पाणी उताराकडे वाहते. उतार कोणी ठेवला, हे ते विचारतात.

उतार बदलता येतो, हे त्याच दक्षिण वेल्सने दाखविले होते. ट्रेडेगर गावचे कामगार मजुरीतून दर पौंडामागे काही पेन्स जमा करून स्वतःची वैद्यकीय संस्था चालवीत. त्या गावचा खाणकामगार अन्यूरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला आणि देशव्यापी सेवा उभी राहिली. आपल्याकडे १९४६ साली भोर समितीने हेच तत्त्व सांगितले: पैसे नाहीत म्हणून कोणीही योग्य उपचारांना मुकता कामा नये. तिकडे त्याचा कायदा झाला; इकडे त्याचा अहवाल झाला.

हार्ट कम्युनिस्ट होते. संसदेच्या निवडणुकीस तीनदा उभे राहिले आणि तिन्ही वेळा पडले. लोकांनी नाडी त्यांच्या हाती दिली, मत दिले नाही! त्यांनी गाव सोडले नाही. रुग्ण हा गिऱ्हाईक नव्हे, आरोग्य घडविण्याच्या कामातला तो बरोबरीचा कामकरी आहे, हे ते अखेरपर्यंत सांगत राहिले. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

डॉक्टरसाहेब, आपल्या दवाखान्यातील कपाटात नोंदवह्यांची जी चळत आहे, ती मी पाहिली आहे. कोणाच्या घरी क्षय, कोणाच्या घरी मधुमेह, कोणाची सून कितव्यांदा बाळंत झाली, हे सारे तिच्यात आहे. शाल आपण घरी न्याल; त्या वह्या कोणाच्या हाती द्याल? या प्रश्नाचे उत्तर आपण एकट्याने देण्याचे नाही. ग्रामपंचायतीने, जिल्हा परिषदेने, सरकारने आणि आपल्याला देवमाणूस म्हणणाऱ्या आम्ही सर्वांनी ते दिले पाहिजे. या गावाला पगारी, राहता, गावाची यादी हाती असलेला डॉक्टर हवा, ही मागणी आज याच सभेत ठरावाच्या रूपाने मांडावी, अशी अध्यक्षमहाशयांना माझी विनंती आहे. ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे.