नाव औषध, गुण विष



स्मृतिव्याख्यानासाठी भाषेच्या अध्यापकाने कीटकनाशकांचा विषय घ्यावा, याचे आपणांस नवल वाटेल. पण माझी तक्रार एका शब्दाविषयी आहे. मराठी शेतकरी पिकावर ‘औषध’ मारतो. इकडे वासण्याचा गुजराती शेतकरी ‘दवा’ छांटतो. दोन्ही भाषांनी विषाला औषधाचे नाव दिले.

कार्बामेट वर्गाचेच पाहा. त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार नावाच्या शेंगेच्या बियांत आहे. तेथे आरोपीस त्या बिया खावयास घालून न्याय करीत. आपल्या धर्मशास्त्रांतील विषदिव्यच ते. त्यांतील द्रव्याच्या अभ्यासातून पुढे कार्बारिल, कार्बोफ्युरान, मिथोमिल ही कीटकनाशके निघाली आणि कापूस, भात, भाजीपाल्यावर पोहोचली.

मज्जातंतूचा निरोप पोहोचला की तो पुसून टाकणारे एक विकर शरीरात असते. कार्बामेट त्यालाच अडविते. कीड मरते ती यामुळे. पण तेच विकर माणसातही आहे. मग लाळ आणि घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात आणि अखेर श्वास कोंडतो. ही अडवणूक बहुधा काही तासांत आपोआप सुटते. तोवर श्वास सांभाळला आणि ॲट्रोपीन दिले, तर रोगी वाचू शकतो. हे ॲट्रोपीन धोतऱ्याच्या कुळातले; ज्याला आपण विष म्हणतो, तेच येथे खरे औषध ठरते!

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळात हजारो जीव घेणारा मिथिल आयसोसायनेट कार्बारिल बनविण्यासाठीच साठविला होता. त्या कार्बारिलवर भारतात बंदी आली ती २०१८ साली. आदल्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेथे संशय प्रामुख्याने ऑरगॅनोफॉस्फेट वर्गावर होता. तोही याच विकरावर घाव घालतो, आणि त्याची पकड अधिक चिवट असते.

अतिविषारी द्रव्याच्या डब्यावर लाल त्रिकोण आणि कवटी छापलेली असते. पण ‘औषध’ म्हटले की हात निर्धास्त होतो. मजूर उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडाशी फवारतो, आणि रिकामा डबा घरात पाण्याला येतो. आपणांपैकी ज्यांची शेती आहे, त्यांनी मजुराच्या हाती पंप देताना हातमोजे आणि तोंडावरची पट्टी द्यावी, आणि त्या द्रव्याला त्याच्यासमोर ‘विष’च म्हणावे. शब्द खरा असला, तर हात सावध राहतो.